उमेदवारी मदतकार्याची

१९६६ सालची गोष्ट. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील प्लेन्स नावाच्या लहानशा गावी राहणाऱ्या एका विधवा परिचारिकेने, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ‘पीस कोअर’ या अमेरिकी स्वयंसेवक संघटनेकडे अर्ज केला. प्रशिक्षणकाळात तिला मराठीचे धडे देण्यात आले आणि तिची रवानगी झाली ती मुंबईच्या विक्रोळी उपनगरातील गोदरेज वसाहतीत. आरंभी तिच्याकडे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम होते. पुढे ती वसाहतीच्या दवाखान्यात रुजू झाली. तेथे येणाऱ्या कुष्ठरुग्णांची शुश्रूषाही तिने केली. सुमारे एकवीस महिने हे काम करून १९६८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ती मायदेशी परतली. या बाईंचे नाव लिलियन कार्टर. त्यांचे पुत्र जिमी कार्टर १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

पुत्राच्या पदामुळे ही हकीकत प्रसिद्धी पावली हे खरे. परंतु तिच्यातील ध्यानात घेण्याजोगा भाग निराळाच आहे. लिलियनबाई विक्रोळीस आल्या तेव्हा परिचर्येचा अनेक वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. स्थानिक भाषा त्यांनी, मोडकीतोडकी का होईना, शिकून घेतली होती. आणि पंधरा दिवसांची सहल न आखता जवळपास दोन वर्षे त्यांनी या कामासाठी राखून ठेवली होती. कसब, भाषा आणि काळ ही तीन साधने हाती असली, तर परका मनुष्यही उपयोगी पडतो. यांपैकी एकही नसेल, तर त्याच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था पाहण्याचा भार संकटग्रस्तांवरच पडतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था, रेडक्रॉस किंवा ‘मेदसाँ साँ फ्रान्तिए’ (सीमा न मानणारे डॉक्टर) यांसारख्या संघटनांत काम करण्याची आकांक्षा अनेक सुशिक्षित तरुण-तरुणी बाळगून असतात. त्या क्षेत्रात शिरण्याचा सर्वांत जुना आणि अद्यापही विश्वसनीय मार्ग स्वयंसेवेचाच आहे. मात्र तो ‘प्रमाणपत्र मिळवून देणारी स्वयंसेवा’ या अर्थाने घेतल्यास हाती निराशाच येते. पूर्वी वकील वा हिशेबतपासनीस होऊ पाहणारा तरुण एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करीत असे. मदतकार्यातील स्वयंसेवा ही त्याच जातीची उमेदवारी आहे.

सदिच्छेची दुसरी बाजू

सदिच्छा ही उत्तम गोष्ट असली, तरी ती आंधळी असल्यास काय घडते याचे एक बोलके उदाहरण कंबोडियात पाहावयास मिळाले. तेथील अनाथालयांत काही आठवडे ‘सेवा’ करण्यासाठी पाश्चात्त्य देशांतून तरुण पर्यटक येऊ लागले. ते देणग्या देत, मुलांना इंग्रजी शिकवीत, छायाचित्रे काढीत आणि परत जात. पर्यटन वाढले तशी २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्याही झपाट्याने वाढली. वस्तुतः देशातील यादवी संपून बराच काळ लोटला होता आणि अनाथ मुलांची संख्या वाढण्याचे कारण नव्हते. युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत आढळले, की या संस्थांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या मातापित्यांपैकी किमान एक जण हयात होता. पाहुण्यांना भेटण्यासाठी अनाथ मुले हवी होती, म्हणून गरीब घरांतील मुले अनाथालयांत आणली जात होती. त्या पाहुण्यांपैकी दुष्ट हेतूने आलेले फारच थोडे असतील. बहुतेकांना आपण काही चांगले करीत आहोत असेच मनापासून वाटत होते.

आपल्याकडेही असे प्रसंग घडलेले आहेत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यात देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक येऊन थडकले. कोळी समाजाला नको असलेले, वापरून जीर्ण झालेले कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले आणि ते हलविण्यात प्रशासनाचे मनुष्यबळ खर्ची पडले. जानेवारी २००५ मध्ये तेथे स्वयंसेवी संस्थांचे समन्वय केंद्र जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने सुरू झाले. कोणत्या गावात कोण काय देत आहे आणि कोठे काहीच पोहोचलेले नाही, याची नोंद ठेवणे हे त्याचे मुख्य काम. ट्रक भरणाऱ्यांची गर्दी होती. नोंद ठेवणाऱ्यांची वाण होती.

याच्या उलट चित्र ऑगस्ट २०१८ च्या केरळमधील महापुरात दिसले. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून पूरग्रस्त गावांत नेल्या आणि हजारो लोकांना सुखरूप बाहेर काढले. त्यांना कोणी आपत्तीव्यवस्थापनाचे धडे दिलेले नव्हते. पाण्यातून होडी नेणे हे त्यांचे रोजचेच काम होते आणि तेच काम त्यांनी दुसऱ्यांसाठी केले.

भूकंप आणि हिशेबनीस

स्वयंसेवक देशाच्या सीमा ओलांडून जातो, ही कल्पना भारताला नवी नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहार भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी पिएर सेरेसोल हे स्विस अभियंते तेथे येऊन दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधील व्हेर्दूंनजीकच्या उद्ध्वस्त गावात त्यांनी निरनिराळ्या देशांच्या तरुणांचे श्रमशिबिर भरविले होते. कालचे शत्रू एकत्र येऊन घरे बांधू शकतात हे दाखविणे हा त्यामागील हेतू. बिहारमध्ये सेरेसोल एकदाच येऊन गेले नाहीत, पुन्हापुन्हा आले आणि मुझफ्फरपूर भागातील गावांच्या पुनर्वसनात गावकऱ्यांबरोबर स्वतः राबले.

परंतु बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना त्याच भूकंपातील दुसरी एक व्यक्ती अधिक जवळची वाटेल. तुरुंगातून नुकतेच सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतसमितीचे नेतृत्व करीत होते आणि निधीचा ओघ सुरू झाला होता. या निधीच्या हिशेबाची जबाबदारी जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण, मुंबईत त्याच व्यवसायाचा अनुभव आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास, अशी त्यांची तयारी होती. कार्यकर्त्यांच्या दैनंदिन भोजनखर्चावर त्यांनी अवघ्या काही आण्यांची मर्यादा घातली. खुद्द गांधीजी सहकाऱ्यांसह पाहणीस आले, तेव्हा त्यांच्या परिवाराचा जादा खर्च मदतनिधीतून होणार नाही, असे कुमारप्पांनी कळविले, अशी आठवण सांगितली जाते. आणि गांधीजींनी ती शिस्त मान्य केली. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार कुमारप्पांनी सांभाळला, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेलच.

मदतकार्य म्हटले, की डोळ्यांसमोर डॉक्टर, परिचारिका, फार तर अन्नाची पाकिटे वाटणारा तरुण उभा राहतो. प्रत्यक्षात छावणी चालते ती गोदामपाल, वाहतूक सांभाळणारे, पाण्याच्या टाक्या बसविणारे आणि हिशेब लिहिणारे यांच्या बळावर. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या भरतीत वित्त व मनुष्यबळ प्रशासन हा स्वतंत्र विभाग असतो. त्यासाठी साधारणतः दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि दुर्गम ठिकाणी महिनोन्‌महिने राहण्याची तयारी अपेक्षित असते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ही वाट बहुधा कोणी दाखवीतच नाही.

या कामाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. देणगीदाराचा पैसा हा सर्वसाधारण उत्पन्नासारखा नसतो. एका दात्याचा निधी पिण्याच्या पाण्यासाठी, दुसऱ्याचा निवाऱ्यासाठी; एकाची मुदत मार्चअखेरीस संपते, तर दुसऱ्याची डिसेंबरात. पाण्याचा पैसा निवाऱ्याकडे वळविता येत नाही, मग गरज कितीही तातडीची असो. त्यातच छावणीजवळची बँक बंद पडलेली असते, रोकड पेटीत ठेवावी लागते, गाढवावरून माल आणणारा पावती देत नाही आणि विनिमयदर सकाळ-संध्याकाळ बदलतो. अशा स्थितीतही व्हाउचर बनवावे लागते, दोन साक्षीदारांची सही वा अंगठा घ्यावा लागतो, साठ्याची नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ घालावा लागतो. दोन पोती कमी भरली, तर ती उंदरांनी खाल्ली की आणखी कोणी, याचे उत्तर लेखी द्यावे लागते.

अलीकडच्या काळात वस्तूंऐवजी रोख रक्कम देण्याकडे कल वाढला असल्यामुळे बँकिंगचे ज्ञान तर अत्यावश्यकच झाले आहे. लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांना २०१३ पासून जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे एटीएमसारख्या कार्डावर मदत दिली जाऊ लागली. निर्वासिताने आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घ्यावे. रांग नाही, अपमान नाही. योजना उत्तम होती. परंतु २०१९ च्या अखेरीस लेबनॉनची बँकव्यवस्था कोसळली. डॉलरमध्ये आलेली मदत बँकांनी ठरविलेल्या दराने लेबनीज पौंडात बदलून मिळे आणि खुल्या बाजारातील भाव तर कितीतरी चढा. या दोन दरांमधील तफावतीत मदतीचा मोठा हिस्सा विरून गेला. कार्ड हाती असूनही कुटुंबाच्या पिशवीत धान्य कमी पडू लागले. ही गळती ओळखण्यासाठी वैद्यकाची पदवी उपयोगाची नव्हती. विनिमयव्यवहार कळणारा माणूस हवा होता.

किल्लारीच्या स्त्रिया

व्यवसाय नाही, पदवी नाही, अशांना ही वाट बंदच असते काय? तसे नाही, हे मराठवाड्यातील स्त्रियांनी दाखवून दिले. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते, त्या रात्रीनंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. घरमालकांनी आपले घर स्वतः दुरुस्त करून भूकंपरोधक करावे, अशी योजना शेकडो गावांसाठी होती. तथापि अनुदानाचे हप्ते, अभियंत्याची तपासणी, बांधकामाचे तंत्र या गोष्टी गावापर्यंत पोहोचवायच्या कोणी?

प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घराबाहेर बोलण्याचीही सवय नसलेल्या कित्येक जणी अनुदानाचे नियम समजून घेऊ लागल्या, गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या, पोलादी सळई कोठे घालायची हे पाहू लागल्या. हे काम काही वर्षे चालले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील अशा स्त्रिया गुजरातमधील गावांत गेल्या आणि तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगू लागल्या. त्सुनामीनंतर हीच साखळी तामिळनाडूपर्यंत पोहोचली. भाषेची अडचण होतीच. परंतु घर पडलेल्या बाईला घर उभारलेल्या बाईचे बोलणे समजावयास फारसा वेळ लागला नाही. तज्ज्ञ म्हणून मिरविणाऱ्या पुष्कळांपेक्षा हे तज्ज्ञत्व अस्सल होते, कारण ते एकाच ठिकाणी दीर्घकाळ राहून मिळविलेले होते.

तयारी कशी करावी

तात्पर्य, आरंभ घराजवळच करावयाचा असतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १९६९ पासून सुरू असलेली राष्ट्रीय सेवा योजना खुली आहे. तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते. हे तास केवळ झाडझुडीत आणि प्रभातफेऱ्यांत घालवायचे, की एखाद्या वस्तीचे पाणीपुरवठ्याचे सर्वेक्षण पूर्ण करून दाखवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत सर्वसामान्य नागरिकांना शोध, बचाव व प्रथमोपचाराचे शिक्षण दिले जाते. पदवीधरांना वर्षभर ग्रामीण भागात राहता यावे, यासाठी काही शिष्यवृत्त्या आहेत. स्टेट बँकेच्या आश्रयाने २०११ पासून चाललेली तेरा महिन्यांची ‘यूथ फॉर इंडिया’ ही त्यांपैकी एक. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्तीव्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षणही उपलब्ध आहे. मात्र क्षेत्रातील अनुभवाची जागा पदवी घेऊ शकत नाही, ही गोष्ट तेथे जाण्यापूर्वीच समजून घ्यावी.

नोकरी करणाऱ्याने काय करावे? रविवारी एखाद्या लहान स्वयंसेवी संस्थेचे हिशेब लिहून द्यावेत. हे वाटते तितके क्षुल्लक काम नाही. परदेशी देणगीविषयक कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच स्वीकाराव्या लागतात आणि त्यांतील प्रशासकीय खर्चास २० टक्क्यांची मर्यादा आहे. या तरतुदी नीट न कळल्यामुळे भल्या संस्था अडचणीत येतात. त्यांचा जमाखर्च दोन वर्षे निर्दोष ठेवणारी व्यक्ती आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वित्त विभागाची निम्मी परीक्षा घरबसल्या उत्तीर्ण झालेली असते. बँक कर्मचाऱ्यांनी अर्थातच सेवानियम पाहून, आवश्यक तेथे पूर्वपरवानगी घेऊनच असे काम स्वीकारावे.

त्याच्या जोडीस भाषा आणि मानके यांचा अभ्यास हवा. पश्चिम आफ्रिका व काँगोसारख्या प्रदेशांत फ्रेंचवाचून काम अडते. फ्रेंच येणारा हिशेबनीस हा दुर्मीळ, म्हणून मागणी असलेला. मानकांसाठी ‘स्फिअर’ या नावाने ओळखली जाणारी हस्तपुस्तिका मुळापासून वाचावी. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर अशी त्यातील किमान परिमाणे छावणीतील प्रत्येक अंदाजपत्रकाच्या मुळाशी असतात.

यानंतरची पायरी म्हणजे संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम. आमसभेने १९७० मध्ये त्यास मान्यता दिली आणि पुढील वर्षापासून काम सुरू झाले. मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. येथील स्वयंसेवकास पगार नव्हे, निर्वाहभत्ता मिळतो. १८ ते २६ वयोगटासाठी वेगळ्या जागा असतात. तज्ज्ञ गटासाठी वय किमान २७ आणि कामाचा अनुभव किमान तीन वर्षांचा लागतो. स्वदेशातच राहून काम करण्याच्या जागाही निघतात आणि भाषांतर, आराखडे, माहितीचे विश्लेषण अशी कामे घरून करून देण्याची सोय २००० सालापासून आहे. ब्रिटनच्या ‘व्हीएसओ’ संघटनेचा इतिहासही येथे बोधप्रद ठरतो. १९५८ मध्ये तिने शाळा सोडलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी धाडण्यास आरंभ केला. पुढे मात्र अनुभवी व्यावसायिकांकडे ती वळली, कारण यजमान देशांना उत्साही मुले नको होती, कामाची माणसे हवी होती.

वाटेवरील काटे

या क्षेत्रात स्थैर्य शोधणाऱ्यास सध्याचा काळ अनुकूल नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत रोखली आणि जुलैपासून ‘यूएसएड’ या तिच्या मदतसंस्थेचे स्वतंत्र कार्य थांबले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने त्याच वर्षी सुमारे एक पंचमांश मनुष्यबळ कमी करण्याची घोषणा केली. अनुभवी माणसे रिकामी झाली असता नवख्याने परदेशातील जागेसाठी किती काळ थांबावे, हा प्रश्न अगदी वास्तव आहे. दुसरीकडे, निधी शक्यतो संकटग्रस्त देशातील संस्थांच्याच हाती द्यावा, हा विचार २०१६ च्या जागतिक मानवतावादी परिषदेपासून रुजत आहे. म्हणजे परदेशी माणसाची जागा आणखी आक्रसणार. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. नागपट्टिनमची गरज नागपट्टिनमच्या माणसाला आधी कळते. आणि ज्याने आपल्याच जिल्ह्यात उमेदवारी केली आहे, त्याचे शिक्षण परदेशगमन न झाल्यानेही वाया जात नाही.

जिवाची जोखीमही लहान नाही. २०२४ या एका वर्षात जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले आणि त्यांतील बहुसंख्य त्या त्या देशाचेच रहिवासी होते. १९ ऑगस्ट हा जागतिक मानवतावादी दिन पाळला जातो, तो २००३ मध्ये त्या दिवशी बगदादच्या कॅनाल हॉटेलवरील हल्ल्यात मृत्यू पावलेल्या सेर्जिओ व्हिएरा द मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ. घरच्या मंडळींशी या विषयी मोकळेपणाने बोलूनच अर्ज भरावा. आईवडिलांपासून लपवून केलेली ही नोकरी फार काळ टिकत नाही.

एक व्यावहारिक बाब येथे नोंदविणे अगत्याचे. स्वयंसेवा संपताना संस्थेकडून केवळ ‘उत्साहाने सहभाग घेतला’ असे प्रमाणपत्र घेऊ नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, कोणाच्या हाताखाली, किती रकमेचा अथवा किती मालाचा हिशेब सांभाळला, कोणते दोष आढळले आणि ते कसे दूर केले, हे नमूद केलेले पत्र मागून घ्यावे. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मुलाखतीत बहुधा प्रत्यक्ष प्रसंगच विचारले जातात. साठा कमी भरला तेव्हा काय केलेत? वरिष्ठांनी पावतीविना पैसे देण्यास सांगितले तेव्हा काय उत्तर दिलेत? असे प्रश्न येतात, तेव्हा पुराच्या गोदामात रात्री दोन वाजता पोती पुन्हा मोजलेल्या उमेदवारापाशी सांगण्यासारखे बरेच काही असते. ते पत्र जपून ठेवावे. आणि त्यावर सही करणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक चालू आहे ना, याची अर्ज पाठविण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.